डॉल्फिनला एवढी हुशारी लागते तरी कशाला?

सुमेधा :

कोकणात किंवा गोव्यात डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत बसले की 'माणसाच्या खालोखाल हुशार प्राणी हाच' हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतही ते अधूनमधून डोकावते आणि पुरावा म्हणून बहुधा त्याच तीन गोष्टी सांगितल्या जातात : त्यांचा मेंदू मोठा आहे, शिकवलेले खेळ ते झटकन आत्मसात करतात आणि बुडणाऱ्या माणसाला ढकलत किनाऱ्याला आणतात. यांतल्या तिसऱ्या गोष्टीविषयी मला पहिल्यापासून शंका आहे, कारण ज्यांना डॉल्फिनांनी खोल समुद्राकडे ढकलले असेल त्यांची साक्ष नोंदवायला कोणी उरलेले नसणार.

माझा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. मोठा मेंदू पोसणे हे शरीराला महाग पडते, त्यामुळे काही ठोस उपयोग असल्याशिवाय तो पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही, असे उत्क्रांतीविषयीच्या वाचनातून समजते. मासे पकडून खाणे एवढाच जर डॉल्फिनचा उद्योग असेल, तर सुरमई आणि मुशी हेही तोच उद्योग करतात आणि त्यांचे एवढ्या मोठ्या मेंदूवाचून काही अडलेले नाही. मग डॉल्फिनची हुशारी रोजच्या जगण्यात नेमकी कुठे खर्च होते? तलावात चेंडू उडवणाऱ्या डॉल्फिनविषयी नव्हे, तर मोकळ्या समुद्रात राहणाऱ्यांविषयी काय ठाऊक आहे, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? त्यांना एकमेकांची नावे असतात असेही वाचले आहे; त्यात तथ्य किती आणि हौस किती?

नंदन :

आपल्या प्रश्नाचे सर्वांत भरभक्कम उत्तर पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथून मिळते, म्हणून मी तेवढ्याच एका जागेविषयी लिहितो. पर्थच्या उत्तरेला सुमारे ८०० किलोमीटरवर असलेला हा उपसागर उथळ आणि नितळ पाण्याचा आहे. तिथल्या मंकी माया नावाच्या किनाऱ्यावर काही डॉल्फिन माणसांच्या हातून मासे घ्यायला गुडघाभर पाण्यात येत असत, आणि ही बातमी ऐकून १९८२ साली रिचर्ड कॉनर आणि रेचेल स्मोल्कर हे दोघे तरुण अमेरिकी संशोधक तिथे पोहोचले. तेव्हापासून हा अभ्यास वेगवेगळ्या चमूंच्या हातून आजतागायत चालू आहे. पाठीवरच्या पराच्या कडेला पडलेल्या खाचा आणि चिरा यांच्या छायाचित्रांवरून एकेक डॉल्फिन वेगळा ओळखला जातो. शेकडो प्राण्यांची आई कोण, पिल्ले किती, कोण कोणाबरोबर दिसतो, याच्या चार दशकांच्या नोंदी तिथे साठल्या आहेत.

त्या नोंदींतून पुढे आलेली मुख्य गोष्ट म्हणजे नरांच्या आघाड्या. (आघाडी म्हणजे काय, ती कशी होते आणि कशी मोडते, हे महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नसावी.) मादीला पिल्लू होण्यापूर्वी बारा महिन्यांची गर्भावस्था असते आणि त्यानंतर पिल्लू तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ अंगावर पिते. त्यामुळे कोणत्याही वेळी विणीला तयार असलेल्या माद्या थोड्या आणि त्यांच्या मागे असलेले नर पुष्कळ, अशी परिस्थिती असते. मोकळ्या पाण्यात मादी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कुठेही निसटू शकते, म्हणून एकट्या नराला तिला अडवून धरणे जमत नाही. दोघे किंवा तिघे नर मिळून तिला मध्ये घेतात आणि काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत आपल्याबरोबर फिरवतात. ती दूर जाऊ लागली की नर 'पॉप' म्हणून ओळखला जाणारा ठोक्यांसारखा आवाज काढतात. त्याचा अर्थ सरळ धमकीचा असतो आणि ती परत फिरली नाही तर तिला चावे आणि धक्के बसतात.

ही झाली पहिली पायरी. कॉनर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की या दुकली-तिकल्यांच्या वर आणखी एक थर आहे. चार ते चौदा नरांचा एक मोठा गट असतो, त्यातूनच त्या दुकल्या-तिकल्या वेळोवेळी बनतात, आणि दुसऱ्या गटाची मादी पळवायची असेल किंवा आपली राखायची असेल तर हा सगळा गट एकत्र येतो. असे गट दशकानुदशके टिकतात. पुढे तिसरा थरही लक्षात आला : दोन मोठे गट तिसऱ्याविरुद्ध एक होतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १२१ प्रौढ नरांचा समावेश होता आणि त्यातल्या प्रत्येक नराचे सरासरी २२ नरांशी कोणत्या ना कोणत्या पातळीवरचे सहकार्याचे नाते होते. माणूस सोडला तर इतके थर असलेले आणि इतके विस्तृत जाळे अन्य कोणत्याही प्राण्यात नोंदले गेलेले नाही, असे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. या जाळ्यात जगणाऱ्या नराला स्वतःचे मित्र ओळखून भागत नाही. समोरून येणारे तिघे कोणाच्या गटातले, त्यांचे आपल्या गटाशी सध्या कसे आहे, आणि मारामारी जुंपली तर आपल्या बाजूने कोण धावून येईल, हा हिशेब त्याला सतत करावा लागतो. तो हिशेब खरोखर होतो का, याची परीक्षा स्टेफनी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. पाण्याखालच्या ध्वनिक्षेपकातून एकेका नराची ओळखीची शिट्टी वाजवायची आणि वरून ड्रोनच्या कॅमेऱ्याने पाहायचे की ऐकणारे नर किती वेगाने आणि कितपत नेमके त्या दिशेला वळतात, अशी ती पद्धत होती. ज्यांनी मोठ्या गटाच्या लढायांत सातत्याने साथ दिली होती, त्यांच्या शिट्टीला सर्वांत ठाम प्रतिसाद मिळाला; आणि विशेष म्हणजे, ऐकणाऱ्या नराचा त्या साथीदाराशी वैयक्तिक घरोबा कितपत आहे याने त्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे 'माझा आवडता' आणि 'आमच्यातला' हे दोन वेगळे कप्पे त्यांच्या डोक्यात असावेत. हुशारी खर्च होते ती इथे, असे माझे मत आहे. मासा पकडताना मासा फसवायला येत नाही. सोबतीचा नर मात्र उद्या बाजू बदलू शकतो.

शंकेखोर :

नंदन यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु मूळ प्रश्नातील 'मोठा मेंदू' या भागाचा समाचार घ्यायचा राहिला, म्हणून थोडे थंड पाणी ओततो.

बॉटलनोझ, म्हणजे बाटलीच्या तोंडासारखी चोच असलेल्या, जातीच्या डॉल्फिनचा मेंदू साधारण दीड किलोच्या पुढे भरतो आणि माणसाचा १.३ ते १.४ किलो. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा तर स्पर्म व्हेलचा मेंदू सुमारे आठ किलोचा असतो. त्याने एव्हाना विद्यापीठ काढायला हवे होते. म्हणून हॅरी जेरिसन यांनी १९७३ मध्ये शरीराच्या आकारमानाशी तुलना करणारा निर्देशांक रूढ केला. त्यात माणूस सातच्या वर आणि बॉटलनोझ डॉल्फिन चारच्या वर येतो, आणि 'माणसाच्या खालोखाल' हे होडीवाल्यांचे वाक्य शेवटी या तक्त्यातून झिरपत आले आहे. या निर्देशांकाची गोम अशी की अंगावर चरबीचे जाड थर असलेल्या प्राण्याचे वजन भागाकारात घेताना काय धरायचे आणि काय सोडायचे, यावर उत्तर बदलते.

दक्षिण आफ्रिकेतील पॉल मँगर यांनी २००६ मध्ये उलट टोकाची बाजू मांडली. थंड पाण्यात मेंदू ऊबदार ठेवण्यासाठी उष्णता निर्माण करणाऱ्या आधारपेशींची तिथे गर्दी झाली आहे, विचार करण्यासाठी हा मेंदू वाढलेला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यावर बराच गदारोळ झाला. नंतर २०१४ मध्ये पायलट व्हेलच्या, म्हणजे डॉल्फिन कुळातल्याच एका मोठ्या प्राण्याच्या, मेंदूच्या बाह्यांगात सुमारे ३७ अब्ज चेतापेशी मोजल्या गेल्या. हा आकडा माणसाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तरीही पायलट व्हेल आपल्या दुप्पट हुशार आहे असे कोणी म्हणत नाही. तात्पर्य, मेंदू मोजून हा वाद मिटण्यासारखा नाही, आणि वागणुकीचा पुरावा हाच खरा पुरावा धरावा.

आणखी एक हरकत. डॉल्फिन प्रतिध्वनीवर 'पाहतो'. नाकाच्या मार्गातल्या विशिष्ट पडद्यांतून तो टिकटिक आवाज काढतो, कपाळातल्या चरबीच्या गोळ्यातून त्याचा झोत पुढे सोडतो आणि परत आलेला आवाज खालच्या जबड्यातल्या चरबीमार्गे कानापर्यंत पोहोचतो. दर सेकंदाला येणाऱ्या शेकडो प्रतिध्वनींतून आकार, अंतर आणि घनता समजून घ्यायची, तर मेंदूचा मोठा भाग त्यातच गुंतणार. मेंदूच्या वाढीचे सगळे श्रेय आघाड्यांना देण्याआधी हा खर्च वजा करायला हवा. सुमारे ९० जातींच्या व्हेल-डॉल्फिनांची तुलना करणारा २०१७ चा एक अभ्यास सांगतो की ज्यांचे समाजजीवन गुंतागुंतीचे, त्यांचा मेंदू तुलनेने मोठा. मला तो पटण्याजोगा वाटतो. पण दोन गोष्टी बरोबर आढळतात, एवढेच त्यातून सिद्ध होते. एकीमुळे दुसरी झाली असे नाही.

वसुधा_क :

नावांविषयी लिहिते, कारण या विषयात तथ्य आणि हौस दोन्ही भरपूर आहे.

प्रत्येक बॉटलनोझ डॉल्फिन स्वतःची एक खास शिट्टी वाजवतो, हे मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या दांपत्याने १९६५ साली प्रथम मांडले. पिल्लू पहिल्या काही महिन्यांत आजूबाजूचे आवाज ऐकत ऐकत स्वतःची शिट्टी घडवते आणि ती बहुधा आयुष्यभर वापरते. माणसाला आपण आवाजाच्या पोतावरून ओळखतो, पण डॉल्फिनच्या बाबतीत ते भरवशाचे नाही, कारण खोल गेल्यावर दाबामुळे आवाजाचा पोत बदलतो. म्हणून ओळख ठेवली जाते ती स्वरांच्या चढउतारात. फ्लोरिडातील सारासोटा उपसागरात, जिथे रँडल वेल्स आणि इतरांचे काम १९७० पासून चालू आहे, संशोधकांनी या चढउताराची कृत्रिम नक्कल संगणकावर तयार केली. तीत आवाजाचा पोत अजिबात ठेवला नव्हता, तरीही डॉल्फिन आपल्या आप्तांच्या शिट्टीकडे वळले. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

एवढ्यावरून त्याला नाव म्हणता येईल का? 'मी अमुक' असे सांगणे वेगळे आणि 'अरे अमुक' अशी हाक मारणे वेगळे. दुसऱ्या भागाचा पुरावा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरून मिळाला. किंग आणि विन्सेंट जॅनिक यांनी २०१३ मध्ये दाखवले की एखाद्या डॉल्फिनला त्याच्याच शिट्टीची नक्कल ऐकवली, तर तो स्वतःची शिट्टी वाजवून उत्तर देतो. इतरांच्या शिट्ट्या ऐकवल्या तर बहुधा देत नाही. निसर्गात अशा नकला मुख्यत्वे आई-पिल्लू आणि जोडीचे नर हेच, ताटातूट झाली असता, करताना आढळतात. म्हणजे हाक मारण्याचा प्रकार आहे, पण उठसूट नाही. तिसऱ्या कोणाविषयी गैरहजेरीत बोलण्यासाठी ते नावे वापरतात, असा पुरावा नाही. तेव्हा डॉल्फिनांच्या कुटाळक्यांविषयी वृत्तपत्रांनी लिहिलेले तूर्त बाजूला ठेवावे.

याच किनाऱ्यावरची आणखी एक नोंद मला फार आवडते. समुद्रात दोन टोळ्यांची गाठ पडते, तेव्हा एकत्र मिसळण्याआधी दोन्हीकडून खास शिट्ट्यांची देवाणघेवाण होते. टोळीतले सगळे मिळून ओरडत नाहीत, बहुधा प्रत्येक टोळीतून एकच आवाज येतो. आणि स्मरणशक्तीविषयी : जेसन ब्रूक यांनी २०१३ मध्ये अमेरिका आणि बर्म्युडा इथल्या निरनिराळ्या संस्थांमध्ये हलवल्या गेलेल्या डॉल्फिनांना त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या शिट्ट्या ऐकवल्या. एका मादीने वीस वर्षांहून अधिक काळ न भेटलेल्या सोबतिणीची शिट्टी ओळखली. नंदन यांच्या उत्तरातील आघाड्यांचा हिशेब ठेवायचा तर असली वही डोक्यात असावीच लागेल.

सारासोटातूनच २०२३ मध्ये आलेली एक नोंदही सांगते. एकोणीस माद्यांचे ध्वनिमुद्रण पिल्लू जवळ असताना आणि नसताना, असे दोन्ही वेळा केले होते. पिल्लू जवळ असताना त्यांनी आपलीच शिट्टी अधिक उंच स्वरात आणि अधिक चढउतार देऊन वाजवली. तान्ह्या मुलाशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो, तसेच काहीसे.

सुमेधा :

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. नंदन यांच्या उत्तरानंतर एक गोष्ट खटकली. हा सगळा हिशेब नरांचा असेल, तर माद्यांच्या हुशारीचे काय? त्या आघाड्या करत नाहीत, तरी त्यांचा मेंदू नरांसारखाच असणार. शिवाय स्पंज वापरणाऱ्या डॉल्फिनांविषयी ऐकले आहे, तेही शार्क बेमधलेच ना?

नंदन :

हो, तेही तिथलेच, आणि ती मुख्यत्वे माद्यांची विद्या आहे. माद्यांच्या मैत्रीची वीण सैल असते हे खरे, पण आईजवळ घालवलेली तीन-चार वर्षे ही डॉल्फिनची शाळा, आणि ती चालवतात माद्याच.

१९८४ साली तोंडावर काहीतरी गाठोड्यासारखे घेऊन फिरणारा डॉल्फिन प्रथम नजरेस आला, तेव्हा तो एखादा रोग असावा अशी शंका काहींना आली होती. ती प्रत्यक्षात अवजाराची गोष्ट निघाली. खोल चॅनेलच्या तळाशी मादी एक शंकूच्या आकाराचा स्पंज (तळाला चिकटून राहणारा मऊ, सच्छिद्र समुद्री जीव) शोधते, तो उपटते आणि चोचीवर टोपीसारखा चढवते. मग तळ खरवडत हळूहळू पुढे सरकते. तळावर दगडगोटे आणि शिंपल्यांचे धारदार तुकडे असतात, त्यांपासून स्पंज चोचीचे रक्षण करतो. खरवडण्याने वाळूत दडलेला मासा उसळून बाहेर येतो, त्याबरोबर ती स्पंज टाकून देते, मासा पकडते, वर येऊन श्वास घेते आणि बहुतेक वेळा तोच स्पंज पुन्हा उचलायला खाली जाते. एक स्पंज फाटेपर्यंत वापरला जातो.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर शंकेखोर यांच्या प्रतिध्वनीच्या मुद्द्याशी जोडलेले आहे. माशाच्या शरीरातील हवेची पिशवी हा प्रतिध्वनी देणारा सर्वांत ठळक भाग असतो. तळाशी दडणाऱ्या या माशांच्या काही जातींना ती पिशवीच नाही, शिवाय आजूबाजूचे खडे-शिंपले स्वतः प्रतिध्वनी देतात. अशा ठिकाणी डॉल्फिनचा तो प्रसिद्ध झोत आंधळा होतो आणि मग खरवडून उठवणे एवढाच मार्ग उरतो. स्पंज चोचीवर असताना प्रतिध्वनी काहीसा विकृत होऊन येतो, त्यामुळे ही पद्धत शिकायला सोपी नाही. म्हणूनच तिथल्या डॉल्फिनांपैकी अगदी थोडेच हे करतात. मुली बहुतेक शिकतात, मुलगे कमी, आणि आईने केले नाही तर पिल्लू सहसा करत नाही. आईकडून मुलीकडे जाणारी ही परंपरा आहे, असे अनुवंशशास्त्राचा आधार घेऊन २००५ मध्ये दाखवले गेले. स्पंज वापरणाऱ्या माद्या एकेकट्या शिकार करतात, पण सवड मिळेल तेव्हा त्या इतर स्पंजवाल्यांच्याच सहवासात अधिक दिसतात. याला संस्कृती म्हणावे की नाही यावर वाद घालणारे घालोत.

दुसरी एक युक्ती मात्र आईकडून नव्हे तर सोबत्यांकडून शिकली जाते. मासा मोठ्या रिकाम्या शंखात शिरून बसला, की डॉल्फिन त्या शंखात चोच खुपसून तो पृष्ठभागावर आणतो आणि हलवून हलवून मासा तोंडात पाडून घेतो. स्पंजाच्या विद्येचे मोल मात्र एका संकटात दिसून आले. २०११ मध्ये शार्क बेवर समुद्री उष्णतेची लाट आली, समुद्रगवताची कुरणे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली आणि त्यानंतर डॉल्फिनांच्या जगण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घसरले, पिल्लेही कमी झाली. स्पंज वापरणाऱ्यांना त्याची झळ तुलनेने कमी लागली. खोल चॅनेलातले अन्न इतरांच्या हाती न लागणारे असल्याचा हा फायदा.

नरांचे शिक्षणही लहानपणीच सुरू होते. तरुण होण्याआधीची नर-पिल्ले खेळात मादीला मध्ये घेण्याचे डाव खेळतात, पॉप आवाजाचाही सराव करतात. या खेळात अधिक वेळ घालवणाऱ्या पिल्लांना पुढे अधिक संतती झाली, असे २०२४ च्या अभ्यासात दिसले. खेळ म्हणजे वेळ वाया घालवणे असे मानणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

शंकेखोर :

एक पुरवणी, कारण 'माणसाचा मित्र' या कल्पनेविषयी अजून कोणी बोलले नाही. डॉल्फिनच्या चेहऱ्यावरचे हसू हे जबड्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे दिसते. तो मेला तरी हसतच असतो. स्कॉटलंडच्या मोरे फर्थ भागात १९९० च्या दशकात बरगड्या मोडलेले आणि अंतर्गत रक्तस्राव झालेले पॉरपॉइज (डॉल्फिनसारखेच, पण लहान समुद्री प्राणी) किनाऱ्याला लागत होते. हे काम बॉटलनोझ डॉल्फिनांचे असल्याचे १९९६ मध्ये जाहीर झाले. त्यांनी ते पॉरपॉइज खाल्लेही नव्हते. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर त्यांनी स्वजातीची पिल्ले मारल्याचेही पुरावे आहेत. पिल्लू मेले की मादी लवकर पुन्हा विणीला येते, हे त्यामागचे संभाव्य कारण सांगितले जाते आणि नंदन यांच्या पहिल्या उत्तरातील गणिताशी ते जुळते. दुखावलेल्या सोबत्याला खालून आधार देऊन श्वासासाठी वर आणणारा प्राणीही हाच. दोन्ही खरे आहे, आणि ज्या बुद्धीने कोण आपला हे कळते, त्याच बुद्धीने कोण परका हेही कळते.

खाडीकाठ :

मी सिंधुदुर्गातला. इथे सगळे बॉटलनोझविषयी लिहीत आहेत, म्हणून आधी एक खुलासा. आमच्या किनाऱ्याजवळ होडीतून जे दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन असतात, ज्याला इथले मच्छीमार गादा म्हणतात. प्रौढ प्राण्याच्या पाठीवर उंचवटा असतो आणि त्यावर लहानसा पर असतो. तो खोल समुद्रात फारसा जात नाही, खाड्यांच्या मुखाशी आणि उथळ पाण्यात लहान टोळ्यांनी वावरतो. त्यामुळे शार्क बेच्या तीन थरांच्या आघाड्या तारकर्लीला किंवा हर्णैला शोधायला जाऊ नये. ही जात आंतरराष्ट्रीय यादीत संकटग्रस्त आहे आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

मच्छीमारांचे आणि गाद्याचे संबंध प्रेमाचे आहेत असे मी म्हणणार नाही. जाळ्यात लागलेले बांगडे आणि तारल्या तो खेचून खातो, जाळे फाटते, आणि ते पुन्हा विणण्याचा खर्च नाखव्याच्या खिशातून जातो. उलट जाळ्यात अडकून गुदमरणारे डॉल्फिनही आहेत, कारण त्यांना श्वासासाठी वर यावेच लागते. जाळे कुठे आहे हे ओळखून त्यातले मासे सोडवून घेण्याची अक्कल आणि त्याच जाळ्यात मरण्याचा धोका, हे दोन्ही इथल्या पाण्यात एकत्र नांदते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ब्राझीलच्या दक्षिणेकडील लगूना गावात आहे. तिथे शतकाहून अधिक काळ डॉल्फिन आणि मच्छीमार मिळून बोईट मासे पकडतात, म्हणजे आपल्या खाडीत मिळणाऱ्या बोईटांचे भाऊबंद. मच्छीमार कमरेएवढ्या गढूळ पाण्यात हातात पाग, म्हणजे फेकायचे जाळे, घेऊन ओळीने उभे असतात. त्यांना मासे दिसत नाहीत. डॉल्फिन माशांचा थवा किनाऱ्याकडे हाकत आणतो आणि नेमक्या क्षणी पाठ वर काढून झटक्याने बुडी मारतो, किंवा डोके पाण्यावर आपटतो. तो इशारा ओळखून पाग फेकले जातात, थवा विस्कटतो आणि पागाबाहेर पळणारे सुटे मासे डॉल्फिनच्या वाट्याला येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पाण्याखालील ध्वनिमुद्रण आणि ड्रोन वापरून दाखवले की वेळ जुळली तर दोघांचाही फायदा होतो, आणि अशी भागीदारी करणारे डॉल्फिन अधिक काळ जगतात. तिथले सगळे डॉल्फिन हे करत नाहीत. काहीच करतात आणि मच्छीमार त्यांना नावानिशी ओळखतात. म्यानमारमध्ये इरावती नदीवरही तिथले डॉल्फिन आणि पाग टाकणारे कोळी यांच्यात अशीच जोड आहे. हे नाते दोन्ही बाजूंच्या पुढच्या पिढीने शिकले नाही तर संपते. बोईट कमी झाले तरी संपते.

सुमेधाताई, आपण होडीने जाणार असाल तर एक विनंती. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा की पाठलाग करायचा नाही, टोळीच्या समोरून आडवे जायचे नाही आणि दोन होड्यांमध्ये त्यांना कोंडायचे नाही. थोडे दूर राहून इंजिन मंद ठेवले की ते बहुधा आपापल्या कामात राहतात, आणि मग पाहण्यासारखे खूप असते. दोघे अगदी एकाच क्षणी, एकाच लयीत वर येतात का ते पाहा. ही जुळवाजुळव शार्क बेच्या नरांमध्ये दोस्तीची खूण मानली जाते. लहान पर मोठ्या पराच्या मागे चिकटून दिसला तर ते आई-पिल्लू असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी होडी मागे घ्यायला सांगावे.

वसुधा_क :

खाडीकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून : इंजिनाचा आवाज पाण्याखाली शिट्ट्यांवर मात करतो. आई आणि पिल्लू यांची शिकारीच्या वेळी वारंवार ताटातूट होते आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे ती शिट्टी. म्हणून वेग कमी ठेवण्याचा उपयोग होडीखाली येऊन जखमी होण्यापासून वाचवण्यापुरता नाही. एकाच टोळीभोवती चार-पाच होड्या गोळा झालेल्या दिसल्या, तर आपल्या होडीवाल्याला दुसरीकडे न्यायला सांगा; पैसे परत मागू नका, म्हणजे तोही ऐकेल.